जीवाणूच्या शेपटीतला गिअर: छोटं चाक कधीच उलटं फिरत नाही

काचपट्टी

पदवीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हँगिंग ड्रॉपचं प्रात्यक्षिक आलं की दर वर्षी मलाच उत्सुकता असायची. कव्हरस्लिपच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लावायचं, मधोमध प्रोटियस या जीवाणूच्या ताज्या कल्चरचा थेंब ठेवायचा, खड्ड्याची काचपट्टी वरून टेकवायची आणि सगळं झटकन उलटं करायचं. थेंबाची कड सापडेपर्यंत वर्ग शांत. मग कुणीतरी ओरडायचं, “मॅडम, पळतायत!”

ते पळणं कशामुळे, हे मी फळ्यावर काढून दाखवायचे. पेशीच्या आवरणात रुतलेल्या गोल चकत्या, त्यांच्या मधून जाणारा दांडा, बाहेर वाकडा हुक, हुकाला लांब शेपूट. चकत्यांशेजारी दोन चौकोन, त्यांवर मॉट-ए आणि मॉट-बी अशी प्रथिनांची नावं. प्रोटॉन आत येतात, चौकोन चकतीला ढकलतात, चकती फिरते. “मग उलटी कशी फिरते, मॅडम?” असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: चे-वाय नावाचं प्रथिन येऊन चिकटतं आणि स्विच पडतो. स्विच पडतो म्हणजे नक्की काय होतं, हे पुस्तकात नव्हतं आणि मलाही सांगता येत नव्हतं.

२०२० ते २०२४ या पाच वर्षांत ते उलगडलं. निवृत्तीनंतर मी ते शोधनिबंध एकेक करून वाचून काढले. अजून बऱ्याच कॉलेजांच्या नोट्समध्ये जुनीच आकृती फिरते आहे, म्हणून हा धागा.

आधी माप लक्षात घ्या. ई. कोलाय हा जीवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब. त्याच्या मोटरच्या सगळ्यांत रुंद भागाचा, म्हणजे सी-रिंगचा, व्यास सुमारे ४५ नॅनोमीटर. ओझं नसेल तर ही मोटर सेकंदाला ३०० फेऱ्यांपर्यंत जाते. समुद्रातला व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस प्रोटॉनऐवजी सोडियम वापरतो आणि त्याच्या मोटरच्या सेकंदाला १७०० फेऱ्या मोजल्या गेल्या आहेत.

आता मोटर. मधे फिरणारी मोठी रिंग, म्हणजे हीच सी-रिंग, आणि तिच्याभोवती पेशीपटलात बसलेले छोटे घटक. हे छोटे घटक म्हणजे स्टेटर. स्टेटर या शब्दामुळे ते नुसते खिळून बसलेले वाटतात, आणि माझी चूक तिथेच होती. एका घटकात चार मॉट-ए आणि दोन मॉट-बी असतात असं आम्ही शिकवायचो. २०२० मध्ये कोपनहेगन आणि ऑक्सफर्ड इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे या घटकाची रचना अणूंच्या पातळीवर दाखवली. मॉट-ए चार नाहीत, पाच निघाले! पाचांचं कडं आणि त्याच्या पोटात दोन मॉट-बी. पाच आणि दोन जुळत नाहीत, आणि सगळी गंमत या न जुळण्यातच आहे. मॉट-बीचं एक टोक पेशीभित्तिकेला घट्ट धरून बसतं, त्यामुळे मॉट-बी हलू शकत नाही. एका मॉट-बीवरून प्रोटॉन आत गेला की मॉट-एचं कडं त्याच्याभोवती ३६ अंश सरकतं. आता दुसरा मॉट-बी प्रोटॉन घ्यायला नेमक्या जागी येतो. परत ३६ अंश. दहा प्रोटॉनांत कड्याची एक फेरी पूर्ण.

म्हणजे माझे फळ्यावरचे चौकोन प्रत्यक्षात चाकं आहेत. छोटी चाकं मोठ्या चाकाला फिरवतात.

आता मुलांचा प्रश्न. बाहेरून पाहिलं तर छोटं चाक घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरतं. प्रोटॉन आत यायचे तसेच येत राहतात. तरीही मोठी रिंग कधी काट्याच्या उलट फिरते, कधी काट्याच्या दिशेनं. कसं, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. त्याआधी कुणाला अंदाज करायचा असेल तर जरूर करा.

पिनियन

मॅडम, मी चिंचवडला गिअर कटिंगमध्ये आहे, हॉबिंग मशीनवर. बायॉलॉजी दहावीनंतर सुटलं. पण अंदाज मागितलात म्हणून लिहितो.

दोन गिअर बाहेरून एकमेकांना लागले असतील तर ते उलट दिशांनी फिरतात. पिनियन, म्हणजे छोटा गिअर, उजवीकडे, मोठा डावीकडे. पण दाते रिंगच्या आतल्या बाजूला असतील आणि पिनियन रिंगच्या पोटात असेल, म्हणजे इंटर्नल गिअर, तर दोघं एकाच दिशेनं फिरतात. पिनियनची दिशा तीच ठेवून मोठ्याची दिशा बदलायची तर पिनियन बाहेरच्या दात्यांवरून आतल्या दात्यांवर घ्यावा लागेल. आमच्याकडे हे असं चालू मशीनवर कुणी करणार नाही, दाते तुटतील. पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

काचपट्टी

पिनियनराव, तुमचं उत्तर वाचून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अगदी हेच आहे!

मोठ्या रिंगच्या वरच्या काठावर फ्लि-जी नावाचं प्रथिन आहे, साधारण ३४ प्रती गोलाकार बसलेल्या. हेच तुमचे दाते. त्यांच्या खाली फ्लि-एम आणि फ्लि-एन. नेहमीच्या स्थितीत स्टेटरची चाकं रिंगच्या बाहेरच्या अंगाला लागतात, म्हणून रिंग काट्याच्या उलट फिरते आणि जीवाणू सरळ पोहतो. चे-वायला फॉस्फेट लागून तो फ्लि-एम आणि फ्लि-एनला चिकटला की रिंगची ठेवण बदलते. फ्लि-जीचा स्टेटरला लागणारा भाग जवळपास १८० अंशांत वळतो आणि आता चाकं रिंगच्या आतल्या अंगाला लागतात. रिंग काट्याच्या दिशेनं फिरू लागते. तुमच्यापेक्षा फरक एवढाच की इथे पिनियन जागचा हलत नाही, दातेच तोंड फिरवतात.

बोरेलिया या जीवाणूत ही कल्पना २०२० मध्ये दिसली, आणि २०२४ मध्ये साल्मोनेलाच्या सी-रिंगच्या दोन्ही स्थितींची बारीक चित्रं आली.

“स्विच पडतो” असं मी मुलांना सव्वीस वर्षं सांगत होते. तो स्विच हा असा आहे.

घाटवाट

वाचनखूण साठवली. मॅडम, पण त्याला दिशा बदलायची गरजच काय? सरळ पोहत राहायला काय हरकत आहे?

काचपट्टी

जीवाणू इतका लहान की पुढे अन्न आहे की मागे, हे एका जागी राहून त्याला कळत नाही. म्हणून तो साधारण सेकंदभर सरळ पोहतो, मग मोटरची दिशा बदलून सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ गिरक्या घेतो आणि कुठल्यातरी नव्या दिशेला लागतो. पुढे जाताना साखर वाढते आहे असं जाणवलं तर गिरकी पुढे ढकलतो आणि सरळच पोहत राहतो. एवढ्यावर त्याचं निभतं. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका जीवाणूचा तिन्ही मितींत पाठलाग करून हे मोजलं होतं.

आणखी एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. जीवाणूसाठी पाणी म्हणजे आपल्यासाठी काकवी, किंबहुना तिच्याहून दाट. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञानं हिशेब मांडला होता: मोटर अचानक थांबली तर जीवाणू आपल्या वेगाच्या जोरावर किती पुढे जाईल? सुमारे ०.१ अँगस्ट्रॉम. हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी. आपण सायकलचं पायडल सोडून उतारावरून जातो, तसं त्याला कधीच जमत नाही. मोटर बंद, की तो जागच्या जागी थांबला.

उणे१९६

वाचतो आहे, आणि राहवलं नाही म्हणून लिहितो. मी जर्मनीत क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी करतो. फ्लॅजेलम, म्हणजे ही शेपूट, हा माझा विषय नाही, पण तंत्र तेच, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली: हे चित्र यायला इतकी वर्षं का लागली? हे तंत्र असं चालतं: प्रथिनं पाण्यासकट द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झटक्यात गोठवायची की बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळू नये. पाणी काचेसारखं गोठतं आणि प्रथिनं त्यात वेगवेगळ्या अंगांवर पडलेली असतात. अशा लाखो अस्पष्ट प्रतिमा एकमेकींवर बसवून एक स्पष्ट रचना काढायची. रचनेत सममिती असेल तर काम फार हलकं होतं, कारण बारा पाकळ्यांचं फूल असेल तर एका प्रतिमेत बारा प्रतिमा मिळतात. या मोटरनं मात्र प्रत्येक मजल्यावर वेगळी सममिती ठेवली आहे. सी-रिंग ३४. वरची एलपी रिंग २६. शेपटीत ११ उभे धागे. स्टेटर ५ आणि २. दांड्यात तर एका प्रथिनाच्या ६ प्रती, दुसऱ्याच्या ५, तिसऱ्याच्या पुन्हा ६, मग ५, आणि शेवटच्या मोठ्या तुकड्यात २४. एका मजल्याच्या सममितीवर प्रतिमा बसवल्या की बाकीचे मजले धुरकट होतात. म्हणून प्रत्येक मजला वेगळा सोडवावा लागला.

दुसरी, मॅडमच्या लेखाला छोटी पुरवणी: पेशी फोडून मोटर शुद्ध केली की स्टेटर गळून पडतात. ते मोटरला सैलसर लागलेले असतात. त्यामुळे स्टेटरची रचना स्वतंत्र काढलेली आहे आणि रिंगची स्वतंत्र. दोघांना एकत्र पाहायचं तर अख्खी पेशी गोठवून तिची टोमोग्राफी करावी लागते, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेऊन त्रिमितीय चित्र काढावं लागतं, आणि तिच्यात एवढा बारकावा येत नाही. दाते दात्यांत कसे बसतात हे अणूंच्या पातळीवर या तुकड्यांवरून जुळवलेलं आहे. जुळणी भक्कम आहे, पण मुलांना सांगताना हा फरक सांगावा असं मला वाटतं.

काचपट्टी

अगदी बरोबर. हा फरक मी लिहायला हवा होता. मनापासून आभार.

पिनियन

३४ आणि ५. म्हणजे रेशो ६.८. रिंगची एक फेरी होईपर्यंत पिनियनच्या जवळपास सात फेऱ्या. रिंग सेकंदाला ३०० फिरत असेल तर पिनियन सेकंदाला २०४०. मिनिटात मांडलं तर सव्वा लाखाच्या जवळ आरपीएम! असे कितीतरी पिनियन एकाच रिंगला लागलेत, बरोबर? एकूण किती?

आणि माझा खरा प्रश्न बेअरिंगचा आहे. एवढ्या वेगानं शाफ्ट भिंतीतून बाहेर जातो, तर बुश कशाचा आणि ग्रीस कुठलं?

काचपट्टी

ई. कोलायमध्ये पूर्ण भरलेल्या मोटरला अकरा किंवा थोडे जास्त. पण आकडा कायम नाही, आणि तुम्हाला हे आवडेल: ओझं वाढलं की स्टेटर वाढतात. पेशीपटलात सुटे स्टेटर तरंगत असतात. शेपूट दाट द्रवात अडकून मोटरवर ताण आला की ते येऊन लागतात आणि ताण कमी झाला की गळतात. २००६ मध्ये ऑक्सफर्डला मॉट-बीला चमकणारं प्रथिन जोडून मोजणी झाली: एका मोटरमध्ये मॉट-बीच्या सुमारे २२ प्रती, म्हणजे अकरा जोड्या, आणि प्रत्येक स्टेटर साधारण अर्धा मिनिट टिकून बदलला जातो. मोटर चालू असतानाच तिचे भाग बदलत राहतात.

तरंगणारे स्टेटर प्रोटॉन वाया घालवत नाहीत. मॉट-बीला बुचासारखा एक तुकडा आहे. स्टेटर मोटरला लागेपर्यंत बूच लागलेलं राहतं, लागला की उघडतं.

बुशबद्दल उणे१९६ यांनी लिहावं. तो भाग मला चित्रात पाहता येतो, पण त्यांच्याइतका समजत नाही.

उणे१९६

बुश म्हणजे एलपी रिंग. दोन प्रथिनं, प्रत्येकाच्या २६ प्रती, एकमेकांत इतकी घट्ट विणलेली की ही रिंग या यंत्रातल्या सगळ्यांत टणक वस्तूंपैकी एक आहे. पी रिंग पेशीभित्तिकेच्या पातळीवर आणि एल रिंग बाहेरच्या पटलात. तिच्यातून दांडा जातो. ओसाकाच्या नाम्बा गटानं आणि चीनमधल्या झेजियांगच्या गटानं २०२१ मध्ये याचे बारकावे दाखवले.

ग्रीस नाही. दांड्याचा पृष्ठभाग आणि रिंगचा आतला पृष्ठभाग दोन्ही अगदी गुळगुळीत, आणि त्यांच्यावरचे विद्युतभार असे मांडलेले की काही ठिकाणी दोघं एकमेकांना ढकलतात आणि काही ठिकाणी हलकेच ओढतात. दांडा मधोमध राहतो, पण कुठेच चिकटत नाही. पिनियनराव, चुंबकावर तरंगणारं बेअरिंग पाहिलं असेल तर कल्पना येईल. इथे चुंबकाऐवजी विद्युतभार.

यात एक जुनं कोडंही आहे. २००५ मध्ये मोटर खूप हळू चालवून पाहिली तेव्हा ती एका फेरीत २६ पायऱ्यांनी पुढे सरकताना दिसली. तेव्हा मोटरच्या मोठ्या रिंगमध्येही २६ च्या आसपास प्रती आहेत असं मानलं जायचं, त्यामुळे सगळ्यांनी म्हटलं, जुळलं. पुढे रिंगची गणना ३३ किंवा ३४ निघाली आणि २६ अनाथ झाला. मग एलपी रिंगच्या २६ प्रती दिसल्या. पायऱ्या मोटर ढकलण्याच्या नसून दांडा बुशमधून जाताना त्याला लागणाऱ्या बारीक खाचांच्या असाव्यात, हे मला पटतं.

पिनियन

म्हणजे बुशचे दाते हाताला लागत होते आणि लोक गिअरचे समजत होते. हे आमच्याकडेही होतं. आवाज येतो बेअरिंगचा आणि उघडून बसतात गिअरबॉक्स. मी स्वतः हे केलेलं आहे.

मळसूत्र

भाषेचा एक मुद्दा. फ्लॅजेलमला आपण ‘कशाभिका’ म्हणतो. ‘कशा’ म्हणजे चाबूक. लॅटिनमध्येही फ्लॅजेलम म्हणजे चाबूकच, तोच अर्थ आपण संस्कृतात आणला. पण चाबूक लवतो, फटकारतो. जीवाणूची शेपूट तसं काही करते का? मॅडमच्या वर्णनावरून ती फिरते असं दिसतं. मग शब्दच चुकीचं चित्र देतो.

काचपट्टी

किती नेमका मुद्दा! शुक्राणूची शेपूट खरोखर चाबकासारखी लवते. तिच्या पूर्ण लांबीत डायनीन नावाची प्रथिनं एटीपी हे पेशीचं इंधन वापरून तिला वाकवत असतात. जीवाणूच्या शेपटीत असं काही नाही. ती फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाच्या हजारो प्रतींची पोकळ नळी आहे, मळसूत्राच्या आकाराची, ताठ. तिला बुडाशी फिरवलं की ती पाण्यात स्क्रूसारखी शिरते. दोन्हींचा काही संबंध नाही, नाव तेवढं एक.

जीवाणूची शेपूटही लवते असंच १९७३ पर्यंत बहुतेकांना वाटायचं. त्या वर्षी बर्ग आणि अँडरसन यांनी ती फिरते असा युक्तिवाद मांडला आणि १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी डोळ्यांनी दाखवलं. त्यांनी शेपटीचं बूड प्रतिपिंडांनी काचेला चिकटवलं. शेपूट अडकली, पण मोटर चालू होती, त्यामुळे अख्खा जीवाणूच गरगर फिरू लागला. बैल खांबाला बांधावा आणि खांब हलेना म्हणून बैलच भोवती फिरत राहावा, तसं. हा प्रयोग शिकवताना माझा आवाज दर वर्षी चढायचा.

‘मळसूत्रिका’ म्हणायला मला आवडेल. तुमचं सदस्यनामही त्यातलंच.

उणे१९६

शेपटीबद्दल एक आकडा. ती ११ उभ्या धाग्यांची आहे. धागा दोन प्रकारे बसू शकतो आणि दोन्हींत फ्लॅजेलिनच्या लागोपाठच्या प्रतींमधलं अंतर फक्त ०.८ अँगस्ट्रॉमनं वेगळं असतं. अकराही धागे एकाच प्रकारचे असते तर शेपूट सरळ काडी झाली असती. काही लांब, काही आखूड, म्हणून ती मळसूत्रासारखी वळते. मोटर उलटी फिरली की काही धागे आपला प्रकार बदलतात, डावं मळसूत्र उजवं होतं, शेपट्यांची जुडी सुटते आणि जीवाणू गिरकी घेतो.

हुकाचंही असंच. दांडा ताठ आणि हुक लवचीक, पण दोघांची मुख्य प्रथिनं जवळची भावंडं. दांड्याच्या प्रथिनात १८ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा आहे. तो हुकाच्या प्रथिनात घातला की हुक सरळ आणि कडक होतो. जपानी गटानं २०१७ मध्ये हे करून दाखवलं.

पिनियन

म्हणजे शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट एकाच मटेरियलचे, फक्त एका तुकड्याचा फरक. मटेरियल न बदलता नुसत्या अठरा कड्यांनी कडकपणा येतो. हे मी दोनदा वाचलं.

प्रश्नचिन्ह

इतका वेळ नुसतं वाचत होतो. हे सगळं वाचून कुणालाही वाटेल की एवढं नेमकं यंत्र आपोआप कसं घडेल. अमेरिकेत याच मोटरचं उदाहरण देऊन उत्क्रांती नाकारतात असं वाचलं आहे. विरोधासाठी विचारत नाही, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

काचपट्टी

विचारलंत हे चांगलं केलंत. माझे विद्यार्थीही विचारायचे.

हो, हे उदाहरण तिथे गाजलं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळांचा खटला झाला, त्यात ही मोटर थेट कोर्टात आली. युक्तिवाद असा होता की एकही भाग काढला तर यंत्र बंद पडतं, म्हणजे अर्धवट यंत्राचा उपयोग शून्य, म्हणजे ते टप्प्याटप्प्यानं घडूच शकत नाही. न्यायालयानं तो मान्य केला नाही.

मला या युक्तिवादातली चूक एका प्रथिनाच्या आधारे सांगायला आवडते. मॉट-ए आणि मॉट-बीची पाच-दोनची जोडी फक्त मोटरमध्येच आहे असं नाही. एक्सबी-बी आणि एक्सबी-डी नावाची त्यांची चुलत भावंडं अनेक जीवाणूंच्या आतल्या पटलात बसून बाहेरच्या पटलातून लोह आत घ्यायला ताकद पुरवतात. तिथेही पाच आणि दोन, तिथेही प्रोटॉन. शेपटीशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे हे छोटं चाक मोटरशिवायही कामाचं आहे. शेपटीचे भाग बाहेर पाठवणारी जी यंत्रणा मोटरच्या पोटात आहे, तिच्यातला एटीपी वापरणारा भागही आपल्या पेशीतल्या एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाशी नातं सांगतो. सुटे भाग आधीच दुसरीकडे कामाला होते.

उणे१९६

एक दुरुस्ती, कारण ही चूक मोटरच्या बाजूनं बोलणारेही करतात. साल्मोनेला आणि येर्सिनियाकडे यजमानाच्या पेशीत प्रथिनं टोचणारी एक सुई असते आणि तिचं बूड मोटरशी मिळतंजुळतं आहे. ‘आधी सुई होती, मग मोटर झाली’ असं सर्रास सांगितलं जातं. जनुकांच्या वंशावळीवरून उलट दिसतं: मोटर आधी, सुई तिच्यापासून. पण मुद्दा कायम राहतो. मोटरचे बरेच भाग गेल्यावर जे उरलं त्याचं यंत्रही उत्तम चालतं.

प्रश्नचिन्ह

लोहाचं उदाहरण पटलं. धन्यवाद.

आंबोलीचा_पाऊस

मी सिंधुदुर्गात डॉक्टर आहे. पावसाळा सुरू झाला की भातलावणी करून आलेला, ताप आणि पोटऱ्या दुखणारा माणूस समोर आला की आमच्या मनात पहिलं नाव लेप्टोचं येतं. चिखलातून, कातडीवरच्या छोट्या जखमेतून हा जीवाणू शिरतो. त्याच्याकडे अशी मोटर असते का? डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकात तो गिरमिटासारखा फिरताना पाहिला आहे, पण शेपूट कधी दिसली नाही.

काचपट्टी

डॉक्टर, शेपूट दिसत नाही कारण ती आत आहे! लेप्टोस्पायरा, सिफिलिसचा ट्रेपोनिमा आणि बोरेलिया हे सगळे स्पायरोकीट. त्यांच्या शेपट्या बाहेरच्या पटलाच्या आतच राहतात, पेशीच्या अंगाला लपेटून. लेप्टोला प्रत्येक टोकाला एकच. मोटर तीच, पण ती आतल्या शेपटीला फिरवते आणि त्यामुळे अख्खं शरीर पिळवटत फिरतं. तुम्ही पाहिलेलं गिरमिट ते हे. टोकांचा आकड्यासारखा वाकही याच शेपटीमुळे, ती काढली तर तो वाक जातो.

याचा फायदा दाट माध्यमात होतो. साधे जीवाणू दाट द्रवात अडखळतात, स्पायरोकीट तिथे जास्त चांगले सरकतात. ऊतींमध्ये शिरायला हेच लागतं. शेपटीची प्रथिनं बिघडवून न पोहणारे लेप्टो तयार केले, तर ते हॅमस्टरमध्ये आजार घडवू शकले नाहीत.

उणे१९६

जोड: स्टेटरची संख्या जीवाणूच्या राहणीप्रमाणे बदलते. इम्पीरियल कॉलेजच्या गटानं २०१६ मध्ये मोजलं, साल्मोनेलात ११, व्हिब्रिओत १३, आतड्याच्या चिकट श्लेष्म्यात राहणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरमध्ये १७, आणि ते मोठ्या वर्तुळावर बसलेले. केंद्रापासून लांब धक्का, म्हणून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त. बोरेलियात १६.

आंबोलीचा_पाऊस

आभारी आहे. पुढच्या जूनमध्ये आमच्या आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात हे चित्र दाखवणार. पायात गमबूट का घालायचे, हे गिरमिट दाखवल्यावर जास्त लवकर पटेल.

पिनियन

तीन आठवडे गप्प होतो, कारण हे बनवत होतो.

रविवारी वर्कशॉप रिकामं असतं. मालकांना विचारून मशीन वापरली. पाच दात्यांचा पिनियन बनत नाही, अंडरकट होतो, दात्याचं बूड खाल्लं जातं. म्हणून दोन्ही आकडे चारपट केले: पिनियन २० दाते, रिंग १३६ दाते, मोड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) १. रेशो तोच, ६.८. दोन रिंगा केल्या, नायलॉनच्या. एकीला दाते बाहेरून, ते हॉबिंगवर काढले. दुसरीला आतून, ते शेपरवर. जीवाणूचा एकच दाता दोन्हीकडे तोंड करतो, ते मला जमणार नाही, म्हणून दोन रिंगा एकाच शाफ्टवर खालीवर ठेवल्या. पहिल्या रिंगेला पिनियन बाहेरून लागतो. शाफ्ट वर उचलला की दुसरी रिंग पिनियनच्या भोवती येते, पण तिचं केंद्र सरकतं, म्हणून शाफ्ट एका स्लाइडवर बसवून थोडा ढकलावा लागतो. हँडल पिनियनला.

मुलीला फिरवायला दिलं. तिला सांगितलं, हँडल फक्त उजवीकडे फिरवायचं. रिंग डावीकडे फिरली. मग शाफ्ट उचलून ढकलला. तिचा हात उजवीकडेच फिरत होता आणि रिंग उजवीकडे फिरायला लागली. तिनं हँडल सोडून दिलं आणि पिनियन उलटा तर फिरत नाही ना, हे खाली वाकून बघितलं.

मॅडम, तुमच्या कॉलेजला पाहिजे असेल तर आणून देतो. वजन पावणेदोन किलो.

काचपट्टी

पाहिजे. मी स्वतः घ्यायला येते. सोबत हँगिंग ड्रॉपचं सामानही आणते, मुलीला खरे पळणारे दाखवू. सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे, फक्त शनिवारी संध्याकाळी कल्चर लावून ठेवावं लागेल. रविवार चालेल का?

पिनियन

चालेल. सकाळी अकरानंतर केव्हाही.